वाटेवरच्या खुणा : अमेरिकेचा मधला देश वगळू नये

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेच्या प्रवासावर जो लेख आला, तो मी दोनदा वाचला. पहिल्यांदा कुतूहलाने वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना मनाला खंत वाटली. लेखात दहा प्रेक्षणीय स्थळे सुचवली होती. ती सगळी एक तर पूर्व किनाऱ्यावरची होती किंवा पश्चिम किनाऱ्याच्या आसपासची, आणि या टोकाकडून त्या टोकाला विमानाने जावे असा सल्ला त्यात होता. मधल्या अडीच हजार मैलांत मक्याची शेते आणि ओसाड माळ यांपलीकडे पाहण्यासारखे काही नाही, असा एकूण सूर होता. मुला-मुलींकडे जाणारे कितीतरी मराठी वाचक अशा लेखांवर विसंबून आपला प्रवास आखतात, म्हणून त्या सुराला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. पत्र लांबले तर सांभाळून घ्यावे.

मी अनेक वर्षे शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर लेक आणि जावई यांच्यासोबत मी अमेरिका मोटारीने दोनदा आडवी ओलांडली, एकदा उत्तरेच्या बाजूने आणि एकदा दक्षिणेच्या बाजूने. या दोन प्रवासांत माझी अशी खात्री झाली की त्या देशातील ज्या खुणा खरोखर थांबून पाहाव्यात, त्यांतील बहुतेक मधल्या भागातच आहेत, आणि त्या रस्त्याने गेल्याशिवाय नीट कळत नाहीत. विमानाने जाऊन, टॅक्सीने गाठून आणि छायाचित्र काढून परतणाऱ्याला ती वास्तू किंवा तो सुळका दिसतो, पण तो तिथे का महत्त्वाचा ठरला ते दिसत नाही.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण नेब्रास्का राज्याच्या पश्चिम टोकाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिसुरी नदीकाठच्या गावांतून ओरेगॉनकडे निघालेली कुटुंबे बैलगाड्यांतून सुमारे दोन हजार मैलांचा प्रवास चार ते सहा महिन्यांत करीत. दिवसाकाठी बारा-पंधरा मैल. गाडी सामानाने भरलेली असल्यामुळे बहुतेक माणसे पायीच चालत. अनेक आठवडे सपाट गवताळ प्रदेशातून चालल्यावर क्षितिजावर एक बारीक उभी रेघ दिसू लागे, आणि दिवस-दोन दिवस चालूनही ती फारशी जवळ आल्यासारखी वाटत नसे. हाच तो चिमनी रॉक. त्या प्रवाशांच्या रोजनिशांमध्ये वाटेवरच्या दुसऱ्या कुठल्याही खुणेपेक्षा याचा उल्लेख अधिक सापडतो. आज तुम्ही तिथे मोटारीने गेलात तर मातीच्या शंकूवर उभा असलेला एक निमुळता सुळका एवढेच दिसेल, आणि कदाचित पाच मिनिटांत तुम्ही पुढे निघाल. पण त्याआधी दिवसभर नेब्रास्काचा सपाट प्रदेश खिडकीतून पाहिला असेल, डोळ्यांना टेकायला एक झाडसुद्धा मिळाले नसेल, तर तो सुळका दिसताच आपणही नकळत ताठ बसतो. मी बसले होते. सपाटी संपली आणि डोंगर जवळ आले, ही बातमी तो सुळका त्या माणसांना देत असे, आणि मोटारीतल्या माणसालाही तो तीच बातमी देतो.

तिथून पुढे वायोमिंगमध्ये गर्न्झीजवळ वालुकाश्मात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. काही ठिकाणी त्या जवळजवळ पाच फूट खोल आहेत. चाकोरी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, पण माणसाच्या छातीएवढी खोल चाकोरी दगडात उतरलेली पाहिली, तिच्यात उभे राहून दोन्ही हातांनी दोन्ही कडांना स्पर्श केला, तेव्हा त्या शब्दाचे वजन मला पहिल्यांदा जाणवले. त्याच वाटेवर आणखी पश्चिमेला इंडिपेन्डन्स रॉक हा ग्रॅनाइटचा प्रचंड, कासवाच्या पाठीसारखा खडक आहे. 4 जुलैपर्यंत, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत, इथवर पोहोचले तर पुढच्या पर्वतांत हिमवृष्टीपूर्वी पार होता येईल, असा ताफ्यांचा हिशेब असे. पोहोचलेल्यांनी आपली नावे त्या खडकावर कोरली, आणि फादर द स्मेट या धर्मप्रचारकाने त्याला वाळवंटाची नोंदवही म्हटले. त्यांतली काही नावे आजही वाचता येतात. त्यांपैकी पुढे कोण पोहोचले आणि कोण वाटेतच गेले हे खडक सांगत नाही.

बैलगाडीनंतर मोटार आली, आणि तिच्याही खुणा याच मधल्या देशात आहेत. 1903 साली होरेशियो नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरने पन्नास डॉलरच्या पैजेवर सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हे अंतर विंटन कंपनीच्या मोटारीने कापले. सोबतीला सीवॉल क्रॉकर हा मेकॅनिक होता आणि वाटेत घेतलेला बड नावाचा कुत्रा होता. त्यांना 63 दिवस लागले. सहा वर्षांनी, 1909 साली, अॅलिस रॅमसे या 22 वर्षांच्या तरुणीने उलट दिशेने, न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला, 59 दिवसांत मजल मारली. तिच्याबरोबर तीन स्त्रिया होत्या, पण त्यांतल्या एकीलाही मोटार चालवता येत नव्हती. सुमारे 3,800 मैलांच्या त्या वाटेवर पक्का रस्ता म्हणावा असा जेमतेम दीडशे मैलांचा होता. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा लिंकन हायवे आखला गेला तो त्यानंतर, 1913 साली.

आणि 1919 साली अमेरिकी लष्कराचा मोटारींचा एक ताफा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाला. चिखलात रुतत, लाकडी पूल मोडत, ताशी पाच-सहा मैलांच्या सरासरी वेगाने तो 62 दिवसांनी पोहोचला. त्या ताफ्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर 1956 साली त्यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यातून आजचे इंटरस्टेट महामार्ग उभे राहिले. कॅन्ससमध्ये आय-70 या महामार्गावर अॅबिलीन हे गाव लागते. आयझेनहॉवर यांचे बालपणीचे साधे पांढरे घर तिथे मूळ जागी उभे आहे, आणि त्याच आवारात त्यांची समाधी आहे. ज्या माणसाच्या सहीने हा रस्ता झाला, त्याची समाधी त्या रस्त्यापासून दहा मिनिटांवर असावी आणि हजारो मोटारी रोज न थांबता तिच्या जवळून पुढे जाव्यात, याचे मला वाईट वाटले. आम्ही तिथे अर्धा दिवस होतो.

या महामार्गांच्या क्रमांकांतही एक शिस्त आहे. सम क्रमांकाचे मुख्य मार्ग पूर्व-पश्चिम जातात आणि विषम क्रमांकाचे दक्षिणोत्तर. सम क्रमांक दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. त्यामुळे आय-40 खाली आणि आय-90 वर, हे नकाशा न उघडता कळते. जाण्यापूर्वी एवढे समजून घेतले तर कुठल्या खुणा कुठल्या वाटेवर आहेत याचा गोंधळ उरत नाही.

मिसुरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट लुइस शहरात गेटवे आर्च ही पोलादी कमान आहे. बहुतेक प्रवासी तिलाच पूर्व आणि पश्चिम यांमधला उंबरठा मानतात. उंची 630 फूट आणि पायथ्याशी दोन पायांतले अंतरही 630 फूट. दोन टोकांना टांगलेली साखळी जो आकार घेते तो उलटा केला की कमानीचा असा आकार मिळतो, आणि त्यात कमानीचे वजन वळणावळणाने जमिनीत उतरत जाते. हा आराखडा एरो सारिनेन या वास्तुरचनाकाराचा. त्यांचे निधन 1961 साली झाले, बांधकाम 1963 साली सुरू झाले आणि 28 ऑक्टोबर 1965 रोजी शेवटचा तुकडा बसवला गेला. आपली कमान उभी राहिलेली त्यांनी पाहिली नाही. कमानीच्या आतून लहानशा डब्यांतून वर जाता येते, पण गुडघ्यांचा किंवा बंदिस्त जागेचा त्रास असणाऱ्यांनी वर गेलेच पाहिजे असे मुळीच नाही. त्यापेक्षा कमानीच्या बरोबर समोर असलेल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीला वेळ द्यावा. ड्रेड स्कॉट या गुलाम माणसाने आपल्या आणि आपल्या कुटुंबाच्या स्वातंत्र्यासाठी केलेला दावा 1847 आणि 1850 साली इथेच चालला. पुढे 1857 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात जो निकाल दिला, त्यात कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक होऊच शकत नाही असे म्हटले गेले. पश्चिमेकडे जाण्याच्या स्वातंत्र्याची कमान आणि हे न्यायालय एकमेकांसमोर उभे आहेत. दोन्ही पाहावीत.

नदी ओलांडून इलिनॉय राज्यात गेले की काही मैलांवर कहोकिया आहे. माझ्या दोन्ही प्रवासांत मला सर्वांत अधिक चकित करणारे ठिकाण हेच. सुमारे नऊशे-हजार वर्षांपूर्वी इथे दहा ते वीस हजार लोकवस्तीचे नगर होते. टोपल्यांनी माती वाहून त्या लोकांनी टेकड्या रचल्या. त्यांतली सर्वांत मोठी आजही सुमारे शंभर फूट उंच आहे आणि पायऱ्यांनी तिच्या माथ्यावर जाता येते. युनेस्कोने 1982 साली हे ठिकाण जागतिक वारसा म्हणून नोंदवले. कोलंबस निघण्याच्या आधीच हे नगर वसून ओसही पडले होते. तिथल्या माथ्यावरून पश्चिमेला पाहिले तर दूरवर गेटवे आर्च चमकताना दिसते. अमेरिकेचा इतिहास अवघ्या दोन-अडीचशे वर्षांचा, असे मी स्वतः वर्गात कित्येकदा म्हटले होते, आणि त्या माथ्यावर उभी असताना मला त्या विधानाची फार शरम वाटली.

उत्तरेच्या वाटेवर, म्हणजे आय-90 वर, साउथ डकोटा राज्यात ज्या खुणा आहेत त्या एकामागोमाग एक पाहिल्याच पाहिजेत, कारण एक दुसरीला प्रश्न विचारते. सुरुवात बॅडलँड्स नॅशनल पार्कपासून करावी. गवताळ पठार अचानक तुटते आणि खाली करड्या, पिवळ्या, तांबूस थरांच्या धारदार कड्यांचे रान पसरते. महामार्ग सोडून आतल्या वळणाच्या रस्त्याने जायला दोनेक तास लागतात, तेही सूर्य मावळतीला असताना गेल्यास रंग विशेष दिसतात. याच परिसरात शीतयुद्धाच्या काळातील मिनटमन क्षेपणास्त्रांचे नियंत्रण केंद्र आणि एक भूमिगत कोठार आता ऐतिहासिक स्थळ म्हणून जपले आहे. गवतात एक साधेसे कुंपण आणि आत जमिनीखाली, काचेच्या झाकणातून दिसणारे क्षेपणास्त्र.

तिथून पश्चिमेला ब्लॅक हिल्समध्ये माउंट रशमोर. वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन यांचे प्रत्येकी 60 फूट उंचीचे चेहरे 1927 ते 1941 या काळात कोरले गेले. शिल्पकार गट्झन बोर्गलम 1941 च्या मार्चमध्ये वारले आणि उरलेले काम त्यांच्या मुलाने आवरते घेतले. सुमारे चारशे कामगार त्यावर खपले आणि नव्वद टक्के दगड सुरुंगाने फोडला गेला. कौशल्य म्हणून ते काम थक्क करणारे आहे यात शंका नाही. पण हे डोंगर लकोटा या आदिवासी जमातीला पवित्र आहेत, 1868 च्या फोर्ट लॅरमी करारानुसार ते त्यांना देण्यात आले होते, सोने सापडल्यावर 1877 साली ते काढून घेण्यात आले, आणि 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन घेताना न्याय झाला नाही असे मान्य करून भरपाई मंजूर केली, हे सगळे ठाऊक असल्याशिवाय ते चेहरे पाहू नयेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भरपाईची ती रक्कम लकोटांनी आजवर स्वीकारलेली नाही. त्यांना पैसा नको, डोंगर हवे आहेत.

म्हणून रशमोर पाहिल्यावर तिथून सतरा-अठरा मैलांवरचे क्रेझी हॉर्स स्मारक त्याच दिवशी पाहावे. हेन्री स्टँडिंग बेअर या लकोटा प्रमुखाच्या निमंत्रणावरून कोर्चाक झुलकोव्स्की या शिल्पकाराने 1948 साली हा डोंगर कोरायला घेतला. 1982 साली ते गेले, 1998 साली चेहरा पूर्ण झाला आणि उरलेले काम अजून चालू आहे. केंद्र सरकारचा पैसा त्यांनी घेतला नाही. पवित्र डोंगर फोडून त्यात आपल्याच योद्ध्याचे शिल्प का करावे, असा आक्षेप घेणारे लकोटाही आहेत, आणि मला तो आक्षेप समजतो. तरीही अर्धा कोरलेला तो डोंगर पाहताना, घोड्याच्या मानेच्या जागी अजून नुसता खडक असताना, मला पूर्ण झालेल्या चार चेहऱ्यांपेक्षा तो अधिक बोलका वाटला.

वायोमिंगच्या ईशान्य कोपऱ्यात डेव्हिल्स टॉवर आहे. थिओडोर रूझवेल्ट यांनी 1906 साली देशातील पहिले राष्ट्रीय स्मारक म्हणून याचीच निवड केली. पायथ्यापासून माथा 867 फूट उंच आहे. थंड होताना आकसलेल्या शिलारसाचे उभे, बहुधा षट्कोनी स्तंभ एकमेकांना चिकटून उभे राहिल्यासारखे दिसतात. आदिवासी जमातींत त्याला अस्वलाचे घर म्हणतात. अस्वलाने पाठलाग केलेल्या मुलींना वाचवण्यासाठी जमीन वर उचलली गेली, अस्वलाच्या नखांनी कड्यावर हे ओरखडे पडले आणि त्या मुली आकाशात जाऊन तारे झाल्या, अशी कथा आहे. कोणी त्यांना कृत्तिकांमध्ये पाहते, कोणी सप्तर्षींमध्ये. आपल्याकडेही आकाशातल्या याच दोन ठिकाणी गोष्टी सांगितल्या जातात, हे आठवून मी त्या रात्री बराच वेळ बाहेर उभी होते. जून महिना अनेक जमातींच्या धर्मविधींचा असल्यामुळे त्या महिन्यात गिर्यारोहकांनी वर चढू नये अशी विनंती केली जाते. कायद्याची सक्ती नाही, पण बरेच जण ती पाळतात.

पुढे मॉन्टानामध्ये लिटल बिगहॉर्नची रणभूमी आहे. 25 आणि 26 जून 1876 रोजी लकोटा, शायेन आणि अरापाहो योद्ध्यांनी अमेरिकी लष्करातील अधिकारी कस्टर यांच्या तुकडीचा पराभव केला. दीर्घकाळ या जागेला कस्टर यांचेच नाव होते. 1991 साली ते बदलले आणि त्यानंतर आदिवासी योद्ध्यांचेही स्मारक उभे राहिले. गवताच्या उतारावर सैनिकांसाठी पांढरे दगड आहेत आणि योद्ध्यांसाठी तांबडे. हे तांबडे दगड लागायला एकशे वीसहून अधिक वर्षे जावी लागली.

यलोस्टोनबद्दल वेगळे लिहीत नाही. 1872 सालचे ते पहिले राष्ट्रीय उद्यान कोणालाच सुचवावे लागत नाही. त्यापेक्षा आय-80 वरून जाणाऱ्यांनी युटामध्ये थोडी वाट वाकडी करून प्रॉमंटरी समिटला जावे. 10 मे 1869 रोजी पूर्वेकडून आलेले आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग इथे जोडले गेले. पश्चिमेकडून येणारा मार्ग सिएरा नेवाडाच्या ग्रॅनाइटमधून दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांनी फोडून आणला होता. 28 एप्रिल 1869 या एका दिवसात दहा मैल रूळ टाकले गेल्याची खूणही तिथे आहे. पुढे नवा मार्ग झाल्याने हा भाग मागे पडला आणि 1942 साली युद्धासाठी लोखंड हवे म्हणून इथले रूळ उखडले गेले. आता जोडाच्या ठिकाणी थोडेसे रूळ पुन्हा घातले आहेत आणि दोन इंजिनांच्या हुबेहूब प्रतिकृती समोरासमोर उभ्या केल्या जातात. आजूबाजूला काहीही नाही. वारा आणि करडी झुडपे. दिवसभर मोटारीत बसून तिथवर गेलेल्यालाच कळते की दोन टोके जोडणे म्हणजे काय होते.

दक्षिणेच्या वाटेबद्दल, आय-40 बद्दल, मला आणखी आग्रहाने लिहायचे आहे, कारण ती वाट नागरी हक्कांच्या लढ्याची आहे आणि आपल्या वाचकांना ती जवळची वाटेल. टेनेसीतल्या मेम्फिस शहरात लॉरेन मोटेल आहे. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग इथे 306 क्रमांकाच्या खोलीत उतरले होते आणि 4 एप्रिल 1968 रोजी त्या खोलीबाहेरच्या सज्जात त्यांना गोळी लागली. मोटेलचे दर्शनी रूप तसेच ठेवून आत 1991 साली संग्रहालय सुरू झाले. सज्जाच्या कठड्यावर एक पुष्पचक्र असते. किंग 1959 साली भारतात येऊन गेले होते आणि गांधीजींच्या मार्गाचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले होते, हे ठाऊक असलेल्या माणसाला त्या सज्जाखाली उभे राहणे सोपे जात नाही. माझ्या लेकीने तिथे माझा हात धरला आणि आम्ही दोघी काही बोललो नाही.

त्याच महामार्गाने दोन-सव्वादोन तासांवर आर्कान्सॉमधले लिटल रॉक लागते. 1957 साली तिथल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नाकारला जाऊ लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवून त्यांना वर्गापर्यंत पोहोचवले. ज्यांची समाधी कॅन्ससच्या महामार्गालगत आहे तेच हे आयझेनहॉवर. ती शाळा आजही चालू आहे, म्हणून इमारत बाहेरूनच पाहावी आणि समोरच्या माहिती केंद्रात सविस्तर वाचावे. शिक्षिका म्हणून मला त्या पायऱ्यांसमोर जे वाटले ते शब्दांत आणणे कठीण आहे. मुलांना शाळेच्या दारातून आत नेण्यासाठी बंदुका लागाव्यात, आणि तरीही ती मुले दुसऱ्या दिवशी पुन्हा यावीत! ज्या 1954 च्या निकालाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरला, त्या खटल्याशी निगडित मन्रो शाळा कॅन्ससमध्ये टोपीका इथे आय-70 च्या वाटेवर जपली आहे. उत्तरेकडून परतणाऱ्यांना ती पाहता येईल.

ओक्लाहोमा सिटीत 19 एप्रिल 1995 च्या बॉम्बस्फोटात 168 माणसे गेली. त्यांच्यासाठी हिरवळीवर 168 खुर्च्या आहेत, नऊ मजल्यांसाठी नऊ रांगांत, आणि त्यांतल्या 19 खुर्च्या लहान आहेत. त्या लहान मुलांच्या. संध्याकाळी खुर्च्यांच्या पायथ्याशी दिवे लागतात. इथे छायाचित्रे काढावीत की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मी काढली नाहीत.

टेक्सासमध्ये अॅमरिलोजवळ जमिनीत अर्ध्या गाडलेल्या दहा कॅडिलॅक मोटारी आहेत आणि येणारे-जाणारे त्यांच्यावर रंग फवारतात. तरुण मंडळींना ते आवडते, पाय मोकळे करण्यापुरते थांबायला हरकत नाही. मात्र अॅरिझोनात शिरल्यावर घाई करू नये. पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमधून हा महामार्गच जातो. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीची झाडे गाडली जाऊन त्यांच्या लाकडाची जागा सिलिकाने घेतली आणि आज ते ओंडके तांबडे, जांभळे, पिवळे दगड होऊन उघड्या माळावर पडले आहेत. त्यातला एक तुकडाही उचलणे गुन्हा आहे. याच उद्यानात जुन्या रूट 66 ची वाट दिसते. 1926 साली शिकागो ते लॉस एंजेलिसच्या दिशेने आखलेला तो रस्ता 1985 साली अधिकृत यादीतून वगळला गेला. उद्यानात आता त्याचे तारांचे खांब तेवढे एका रेषेत उभे आहेत आणि शेजारी एक गंजलेली जुनी मोटार ठेवली आहे. रस्ता नाहीसा झाला तरी त्याची दिशा उरली आहे, आणि मला ती ओळ पाहून गर्न्झीच्या चाकोऱ्या आठवल्या.

तिथून तासाभरावर मेटिऑर क्रेटर, म्हणजे उल्कापाताने सुमारे 50,000 वर्षांपूर्वी पडलेले विवर. व्यास साधारण 1,200 मीटर आणि खोली 170 मीटर. चंद्रावर जाणाऱ्या अंतराळवीरांनी इथे सराव केला होता. लोणार पाहिलेल्या मराठी माणसाने हे कोरडे, काठ शाबूत असलेले विवर अवश्य पाहावे. विवरांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ या दोघांची नावे बरोबर घेतात. ग्रँड कॅन्यन तिथून काही तासांवरच आहे, आणि त्याच्याबद्दल आपल्या लेखात पुरेसे होते.

आता थोडे व्यवहाराचे. एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळपास तीन हजार मैल होतात. नुसते चालवत सुटले तर पाच-सहा दिवसांत हे अंतर तोडता येते, आणि अनेक जण तसेच तोडतात, पण मग वर लिहिलेले काहीच पाहून होत नाही. ज्येष्ठ माणसे सोबत असतील तर दिवसाला तीनशे मैलांहून अधिक आखू नये आणि निदान तीन आठवडे हाती असावेत. पूर्वेकडून पश्चिमेकडे निघावे, हे माझे स्पष्ट मत आहे. तीन ठिकाणी घड्याळ तासभर मागे जाते, म्हणजे थकलेल्या दिवशी एक तास परत मिळतो, आणि बैलगाड्यांच्या वाटेवरच्या खुणा त्या प्रवाशांना दिसल्या त्याच क्रमाने समोर येतात. आडमार्गावरची ठिकाणे गाठायची असतील तर हिवाळा टाळावा. यलोस्टोनमधले बहुतेक रस्ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिल उलटेपर्यंत मोटारींना बंद असतात. वायोमिंग आणि नेवाडात पेट्रोल पंप फार अंतराने लागतात आणि फोनला रेंज नसते, म्हणून टाकी अर्धी झाली की भरावी आणि कागदी नकाशा जवळ ठेवावा. आमच्या दुसऱ्या प्रवासात ऐन माळावर फोन बंद पडला, तेव्हा त्या कागदी नकाशानेच आम्हाला वाट दाखवली.

आणि प्रत्येक ठिकाणी आधी माहिती केंद्रात जावे. तिथले रेंजर मनापासून बोलतात, फलक काळजीपूर्वक लिहिलेले असतात, आणि अलीकडच्या काळात आदिवासी जमातींची बाजू त्यांच्या स्वतःच्या शब्दांत तिथे वाचायला मिळते. आम्ही पहिल्या प्रवासात हे केले नाही. डोंगरातले चेहरे पाहून तासाभरात निघालो होतो. जे मी वर लिहिले आहे, त्यातले बरेचसे दुसऱ्या खेपेला थांबून वाचल्यामुळे कळले.

माझी आपणास विनंती अशी की पुरवणीत या मधल्या देशावर एक स्वतंत्र लेख द्यावा आणि सोबत आय-90, आय-80, आय-70 आणि आय-40 या चार वाटा दाखवणारा एक साधा नकाशा छापावा, म्हणजे किनाऱ्यावर मुलांकडे उतरलेल्या आई-वडिलांना आपल्या वाटेवर काय काय येते हे बोट ठेवून दाखवता येईल. माझ्याकडे दोन्ही प्रवासांच्या टिपणवह्या आणि तिथे मिळालेले उद्यानांचे नकाशे आहेत. आपल्या संपादक मंडळाला उपयोग होणार असेल तर त्या मी आनंदाने पाठवीन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका